फितीवरचं पान

अहो, काल तुमची शोकसभा झाली. शाळेच्या पटांगणात. खुर्च्या उरणहून मागवल्या होत्या आणि आंब्याच्या फांदीला कर्णा बांधला होता. तुम्ही असतात तर दुसऱ्याच भाषणाला "जरा एक म्हैस बघून येतो" म्हणून सटकला असतात. मला ती सोय नव्हती. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते, की माझ्या नवऱ्याने ब्रह्मदेशच्या जंगलात शत्रूला कसं सळो की पळो करून सोडलं. सांगणारे तुमचे दादा. तुमचे सख्खे थोरले भाऊ, भाताच्या गिरणीचे मालक, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीतले उमेदवार. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ते नसतं तर सभाच झाली नसती.

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात. तुम्हाला ही म्हण फार आवडायची, कारण तुमच्या कामात ती रोज खरी व्हायची. जिला वेळेवर पेंढा घालायला मालकाला फुरसत नसायची, ती म्हैस मेली की जासईपासून पनवेलपर्यंत तिच्यासारखी दुभती दुसरी नसायची. आता तुमचीही तीच गत. लष्करातून सुटून गावी आलात तेव्हा ह्याच गावाने तुम्हाला 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून बाजूला बसवलं, आणि डोळे मिटताच तुम्ही कॅप्टनसाहेब झालात. गेल्या साली लढाई झाली, तेव्हापासून गावाला सैनिकांचं प्रेम फुटलं आहे. हाताशी असलेले एकुलते एक सैनिक तुम्ही. त्यात मेलेले, म्हणजे मध्येच उठून खरं काय ते सांगाल ही धास्तीही नाही.

दादांबद्दल मी बोलायला लागले की तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात. आता धरून दाखवा. तुमच्या पुतणीच्या लग्नातली पंगत आठवते? त्या दिवशी पहाटे दादांचीच गाय अडली होती. तुम्ही खांद्यापर्यंत हात घालून वासरू सोडवलंत, दोनदा आंघोळ केलीत, धुतलेला सदरा घातलात. आणि दादांनी तुम्हाला पंगतीच्या टोकाला, चपलांच्या ढिगाशेजारी बसवलं. "पाव्हन्यांना किळस येल," म्हणाले. व्याह्यांनी विचारलं, हे मिलिटरीत कुठल्या खात्यात होते, तर दादांनी सांगितलं, "दवाखान्याकडं." तुम्ही खाली मान घालून जेवलात आणि वर मठ्ठा मागून प्यालात. मी पानावरून उठले. घरी आल्यावर मी तणतणत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "खोंड झालंय. छान आहे अंगाने." लोक ह्याला सहनशीलता म्हणतील. मी तेव्हा मेंगळटपणा म्हटलं होतं आणि तुम्ही गेलात म्हणून शब्द बदलणार नाही.

दादांनी मला तरी काय वेगळं सांगितलं होतं! मला बघायला आले तेव्हा म्हणाले, मुलगा मिलिटरीत डॉक्टर आहे. उरणच्या शाळेत शिकवणारी मी, डॉक्टरीणबाई होणार म्हणून मैत्रिणींना पेढे वाटून छावणीत आले. पहिल्याच आठवड्यात हौसेने तुमचा दवाखाना बघायला आले, तर समोर तबेला. तुमची कानशिलं लाल झाली होती. मला राग यायला हवा होता. पण तुम्ही मला रांगेने फिरवत एकेका खेचराचं नाव सांगायला लागलात, ही लाडावलेली, हा चावतो पण मनाने बरा, आणि मला हसू आलं. त्या दिवशी तुम्ही मला आवडलात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही चढून बसला असतात असं मला वाटायचं. तुम्ही कसले चढून बसताय म्हणा.

मग ती पदकं. पाच. दाढीच्या सामानाच्या जुन्या डब्यात, गंजलेल्या पात्यांच्या संगतीला. गावी आल्यावर मी ती बाहेर काढली, चिंच लावून घासली, फिती सरळ केल्या. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदन होतं, मी आता तिथेच शिकवत होते, मुलांना मी सांगून ठेवलं होतं की कॅप्टनसाहेब पदकं लावून येणार. तुम्ही आलात. बंडीवर शेणाचा डाग, छाती रिकामी. मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थाप मारली आहे. घरी येऊन आपलं जे भांडण झालं ते शेजारच्यांनी आवाजावरून पाठ केलं असेल. तुमचा आवाज त्यात नव्हताच. तुम्ही फक्त म्हणालात, "ती हजेरीची पदकं आहेत. जो गेला त्याला मिळाली. लंगरखान्यातल्या आचाऱ्यालाही आहेत."

"आणि हे?" मी विचारलं. एका फितीवर धातूचं इवलंसं पान टाचलेलं होतं, नखाएवढं. बाकीच्या चार फितींवर तसं काही नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दिलंत, एका दुपारी, स्टोव्हवर सुया उकळत ठेवल्या होत्यात तेव्हा. पाठ माझ्याकडे होती. फौज शत्रूच्या मुलखात चोरून शिरणार होती, म्हणालात. दारूगोळा, वायरलेस, औषधं, सगळं खेचरांच्या पाठीवर. एक खेचर ओरडलं की सगळी तुकडी मेली. म्हणून निघण्याआधी आसामातल्या तळावर एकेकाला आडवं पाडून भूल द्यायची आणि घशात चिरून त्याचा आवाज काढून टाकायचा. "माझा हात चांगला होता," तुम्ही म्हणालात. "माझ्या हातचं एकही दगावलं नाही. म्हणून माझ्याकडेच जास्त आणायचे. ते पान त्याचं. बाकी हजेरीचं, तेवढं कामाचं."

मी विचारलं नव्हतं, तरी तुम्ही पुढे बोललात. असं पुढे बोलणं तुमच्या स्वभावात नव्हतं. "सकाळी आपला माणूस दिसला की खेचर ओरडतं. ऑपरेशननंतरही ती तोंड उघडायची. माणूस दिसला की उघडायची. नुसता वारा यायचा."

मला त्या खेचरांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त तुमचा राग आला. मी म्हणाले, असं आहे तर हे घरात कशाला आणलंत? खाडी काय लांब आहे का? द्या फेकून. तुम्ही म्हणालात, फेकायचं नाही. मग लावा. लावायचंही नाही. तुमचं हे असं कायमचं तळ्यात-मळ्यात. माझं म्हणणं सरळ होतं, आजही आहे: लाज वाटते तर फेका, वाटत नाही तर छातीवर लावा. डब्यात ठेवून दाढी करताना रोज बघायचं, ह्याला मी काय म्हणू? दर सव्वीस जानेवारीला आणि दर पंधरा ऑगस्टला आपण हे भांडण नव्याने भांडलो. तुम्ही हरला नाहीत, जिंकला नाहीत, सुया उकळत राहिलात.

आणि मग निघून गेलात. उलव्याच्या हिरूबाईच्या म्हशीचं पोट पत्र्याने फाटलं होतं, ते शिवून परत येताना खारबांधावर जरा टेकलात ते उठलाच नाहीत. मरणसुद्धा असं, कुणाला त्रास न देता. मिठागरावरच्या माणसांनी तुम्हाला बैलगाडीतून घरी आणलं. गाडीच्या एका बैलाच्या खुरावर तुमच्याच हातची पट्टी होती.

आता दहाव्याचं सांगते, कारण सभेचं मूळ तिथे आहे. खाडीच्या काठी तुमचे पिंड ठेवले होते. बायका तिथे जात नाहीत. मी गेले. मला अडवलं तर काय होईल ते जासईला ठाऊक आहे. पिंडाला कावळा शिवेना. खाडीवर कावळ्यांना काय तोटा, पण ते वाळत घातलेल्या मासळीवर पोसलेले, नुसत्या भाताकडे ढुंकून बघेनात. ऊन चढायला लागलं. मग सुरू झालं, तुमची इच्छा कशात अडकली असेल त्याचा शोध. कोणी म्हणालं, बाईंना अंतर देणार नाही. कावळा हलेना. कोणी म्हणालं, तुमच्या गाईला कसायाला देणार नाही. ह्यावर तुम्ही स्वतः आला असतात, पण कावळा नाही आला.

तेव्हा दादा पुढे झाले. पिंडाशी वाकून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, तुजे बिल्ले गावचे सभेन मानानं लावू. तुजा पराक्रम समद्या गावाला सांगू." आणि वाकल्या वाकल्या त्यांनी भाताच्या गोळ्याखाली सुक्या बोंबलाचा तुकडा सरकवला. मी पाहिला. दादांची करंगळीसुद्धा मला माहीत आहे. ते चार पावलं मागे सरतात तोवर तीन कावळे उतरले. लोकांनी हात जोडले. एकाने डोळे पुसले. कप्तानांचा जीव बिल्ल्यांत अडकला होता, असं भटजीसुद्धा म्हणाले.

आपल्या खाडीवरचा कावळा बोंबील दिसला की कुणाच्याही कसल्याही म्हणण्याला होकार देतो. असे मतदार मिळाले तर दादा निवडून आलेच म्हणून समजा.

तेराव्याचं जेवण आटोपल्याबरोबर दादा डबा न्यायला आले. ढेकर देतच.

"बाई, बिल्ले द्या. मखमलीचा बोर्ड करून घेतलाय."

"ते घरातच राहायचे आहेत," मी म्हणाले.

"आसं कसं? पिंडापुढं शब्द दिलाय."

"तुम्ही दिलात."

"पन कावला शिवला ना? म्हंजे त्याला पटला."

बोंबलाबद्दल मी तेव्हाच बोलणार होते. पण दादांनी खिशातून कागद काढला आणि विचारलं, "भाषनाला आकडा पायजे. किती जपानी मारले त्यानं?"

"एकही नाही."

"नाय कसं? पाच बिल्ले हायत. बिल्ल्याला येक धरला तरी पाच झाले."

मला हसू आलं नाही. तेरा दिवसांत मला जे काही कळत नव्हतं ते त्या वेळी लख्ख कळलं. पदकं मी दिली नाही तरी सभा होणार. पाच जपानी मरणार, पुढच्या वर्षी दहा मरतील, आणि शाळेतली मुलं वहीत उतरवून घेतील. माझ्याच शाळेतली. तुमचं सगळं आयुष्य जनावरं जगवण्यात गेलं आणि गावात तुम्ही माणसं मारणारे म्हणून उरणार. आणि मी डबा छातीशी धरून घरात बसले, तर गाव म्हणणार की हट्टी बायकोने नवऱ्याचा जीव लटकत ठेवला. गावाने काय म्हणावं ह्याची मला फिकीर नाही. पण तुमच्याबद्दल खोटं ऐकून घेण्याइतकी मी गरीब कधीच नव्हते. तेवढा गरीबपणा तुमच्या वाट्याला पुरेसा होता.

"मीच घेऊन येईन सभेला," मी सांगितलं. दादांना वाटलं, बाई नमल्या.

तुम्ही गेल्यापासून सभेपर्यंत दार भरून माणसं येत होती. तुम्ही गेल्याने गावाची केवढी हानी झाली ते मला सांगत होती आणि चहा पिऊन जात होती. एक हिरूबाई तेवढी वेगळी आली. बाराव्या दिवशी, उलव्याहून चालत, ओटीवर न टेकता उभ्या उभ्या म्हणाली, "बाय, म्हशीचं टाकं कोन काढल आता? डागतर बोललं व्हतं, मी येन काढाला." मी पनवेलच्या दवाखान्यात निरोप धाडला आणि तिथला माणूस जाऊन टाके काढून आला. तुमच्यावाचून खरोखर अडलेलं असं माणूस तेवढं एकच दारात आलं होतं.

सभेला दादांनी अलिबागहून एक पुढारी आणला होता. त्याला तुमचं नावही दादा कानात सांगत होते. बोर्ड खरंच मखमलीचा होता, लालभडक. मी पदकं एकेक करून त्यावर टाचली आणि पान तेवढं काढून मुठीत ठेवलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग भाषणं. दादांनी तुम्हाला खंदकात उतरवलं, झाडावर चढवलं, पाचाचे सात जपानी मारून घेतले. पटांगणात टाळ्या. ज्यांनी तुम्हाला पंगतीत चपलांजवळ बसलेलं पाहिलं होतं त्यांच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या. आभार मानताना हेडमास्तर म्हणाले, बाई दोन शब्द बोलतील.

मी उठले. कर्ण्याची मला गरज नाही, वर्गात बोलते तशीच बोलले. म्हणाले, "ह्यांनी कुणालाही मारलेलं नाही. बोर्डावर आहेत ती पदकं हजेरीची. जो गेला त्याला मिळाली, आचाऱ्यालाही मिळाली. ह्यांच्या हाताच्या कामाबद्दल मिळालं ते एवढंच." आणि पान तळहातावर ठेवून दाखवलं. मागच्यांना ते दिसलं नसणार. मग सगळं सांगितलं. आसामातला तळ, भूल, घसा, सकाळी उघडणारी तोंडं. तुम्ही स्टोव्हकडे तोंड करून सांगितलं होतंत तसंच, त्यात माझा एक शब्द घातला नाही. शेवटी बोंबलाचंही सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण तुम्ही मला ओळखता.

पुढाऱ्याने घड्याळ पाहिलं. हेडमास्तर खोकले. दादा उठून म्हणाले, बाईंना दुःखात काही सुचत नाही, आपण समजून घ्यावं. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हंजे गाढवांची नरडी कापून बिल्ला भेटला?" आणि हशा पिकला. शेणातले किडे मेले! दहा-अकरा वर्षं ह्यांची एकेक वासरं तुम्ही हातावर झेलून घेतलीत. ह्या लोकांसाठी तुम्ही पावसात चिखल तुडवत गेलात ह्याचा मला आत्ता लिहितानाही संताप येतो. तुमचाही येतो. एकालाही कधी नाही म्हणाला नाहीत.

हसणं थांबलं तेव्हा बायकांच्या बाजूने हिरूबाई उभी राहिली. सभेत उभं राहायचं नसतं हे तिला कोणी सांगितलं नसावं. तिने मलाच विचारलं, "बाय, मंग ती खेचरां परत आली का?"

मी म्हणाले, "माहीत नाही, हिरूबाई. त्यांनी कधी सांगितलं नाही."

ती म्हणाली, "मंग नसतील आली. आली आसती तं डागतर बोललं आसतं. माजे दारान बसून समद्या ढोरांच्या गोष्टी सांगायचं. मेल्याची तेवढी सांगत नसत." आणि पदर डोक्यावरून नीट करून खाली बसली.

सभा संपली. बोर्ड दादा घेऊन गेले, गिरणीत लावणार आहेत. लावू देत. त्यांनाही आयुष्यभर हजेरीच लावायची आहे. पान मी आणलं. फेकणार नाही, लावणारही नाही, त्यामुळे तुम्हाला आता बोलायला जागा मिळाली असं समजू नका.

पण एक विचारते. आवाज काढून तुम्ही त्यांना जंगलात धाडलंत आणि त्यांतलं एकही परत आलं नाही, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? मी दर वर्षी "फेका नाहीतर लावा" म्हणून डोकं खात होते, तेव्हा तुम्ही त्या डब्यात काय बघत होतात? उलव्याच्या बाईला तुमच्या न बोलण्यातून एका क्षणात कळलं, आणि मला, एका घरात राहून, तुम्ही कळू दिलं नाहीत. ह्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही. सांगायचं होतंत. मी भांडले असते, ते खरं. पण भांडून झाल्यावर तुमच्याजवळ बसले असते.